पोरीच्या शिक्क्याखाली माझं पत्र

बायको मेली त्याच्या सातव्या दिवशी मी पोरीच्या कंप्युटरवरून एक पत्र पाठवलं आणि तिचं नऊ वर्षांचं काम बुडवलं. चुकून नाही, ठरवून. गावातले लोक म्हणतात, म्हाताऱ्याला काय समजते, बोट लागलं असेल. बोट लागलं नव्हतं. एकेक इंग्रजी अक्षर शोधून दाबायला मला सकाळच्या अकरापासून दुपारच्या एकपर्यंत वेळ लागला.

मी चिमूरकडच्या एका राइस मिलमध्ये चाळीस वर्षं मिस्त्री होतो. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं मोटरीवरच्या पत्र्यांवरून शिकलो. बायकोला साखरेची बिमारी होती. आधी पायाची दोन बोटं गेली, मग दोन्ही डोळे गेले. पोरगी एकुलती, छत्तीस वर्षांची, वरोऱ्याला कॉलेजात कंप्युटर शिकवायची आणि रोज बसनं घरी यायची. लग्न केलं नाही. मीही दोनदा बोलून सोडून दिलं.

आईचे डोळे गेल्यावर पोरीनं एक जुना कंप्युटर खाटेजवळ लावून दिला. त्यात पेपर वाचून दाखवणारा एक मराठी आवाज होता, बाप्याचा. सगळं एकाच सुरात वाचायचा. वाघानं मोहफुलं वेचणारी बाई नेली आणि सोयाबीनचा भाव पडला, त्याला दोन्ही सारखंच. बायको त्याला पाव्हणा म्हणायची.

"आज कोनाले नेलं रे? कोनत्या गावची व्हय?" ती त्याला विचारायची. तो आपला पुढची बातमी वाचायचा.

"तुमच्यासारखाच हाय," ती मला म्हणायची. "इचारलं त्याचं उत्तर देत नाई."

हा आवाज माझ्या पोरीच्या नावावर होता. ते कसं, तेही सांगतो. कंप्युटर ज्याच्या जोरावर चालते ती सिस्टीम एक तर कंपनीची असते. दुसरी एक असते, तिला मालकच नाही. जगभरचे लोक आपापल्या घरी बसून ती चालवतात, पगार नाही. तिचे हजारो तुकडे. प्रत्येक तुकडा नीट बांधून बाकीच्यांशी जुळवून ठेवला की त्याला पॅकेज म्हणतात, आणि ते ज्याच्या नावावर, त्यानं ते सांभाळायचं. त्याला म्हणायचं मेंटेनर. आवाज बनवणारा मूळचा माणूस केव्हाच सोडून गेला होता. पोरीनं तो आईसाठी उचलला आणि नऊ वर्षं सांभाळला.

त्या लोकांची मेलवर भांडणं चालत. पोरगी घरी आली की आईच्या खाटेवर बसून ती भांडणं मराठीत करून सांगायची आणि दोघी हसायच्या. एक परदेशातला माणूस होता. त्याचं म्हणणं, तुझा आवाज ज्या जुन्या तुकड्यावर टांगलेला आहे तो तुकडा आता कोणी दुरुस्त करत नाही. एका आवाजासाठी ती अडगळ सगळ्यांनी किती दिवस वागवायची? आवाज सिस्टीममधून काढून टाका. ज्याला पाहिजे त्यानं सगळं सामान एका गाठोड्यात बांधून वेगळं घ्यावं. बोलायचा गोड, पण माघार घ्यायचा नाही.

मला हे भांडण पहिल्याच दिवशी समजलं. आमच्या मिलमध्ये आधी छपराखालून एकच लांब शाफ्ट, लोखंडी दांडा, गेलेला होता. एका मोटरीवर तो फिरायचा आणि त्याच्यावरून पट्टे उतरायचे, तूस काढणाऱ्या हलरला, चाळणीला, पॉलिशरला. शाफ्टचं बेअरिंग गेलं की अख्खी मिल उभी. पुढं मालकानं प्रत्येक मशीनला तिची तिची मोटर बसवली आणि शाफ्ट भंगारात गेला.

"तो मानूस बरोबर बोलून राह्यला," मी म्हणालो. "ज्याची त्याची मोटर लावा ना."

पोरगी चिडली. "बाबा, सगळ्या मोटरीत एकच खोट निंगाली त एकेक मोटर खोलून पाहा लागते. कोनाची राह्यली, कोनाची झाली, पत्ता नाई. शाफ्ट एकडाव दुरुस्त केला का सगळ्याइले पुरते."

"दुरुस्त करनारा पायजे ना पन. कोन हाय?"

"मी हाय."

"तू एकटी. तू मेली त?"

"अवो," बायको खाटेवरून म्हणाली, "कायले तिच्या मांगं लागता? तुमाले त परायाचंच बरोबर दिसते."

खरं होतं. मला तो माणूस आवडायचा. माझ्या घरात माझ्या बाजूनं बोलणारा तो एकच होता.

या लोकांत एक रीत आहे. कोणीही उठून सामान टाकू शकत नाही. प्रत्येकाजवळ कंप्युटरमधली एक चावी असते. तिचा शिक्का पत्रावर किंवा कामावर उमटला तरच ते खरं. आणि ही चावी हिचीच, असं दुसऱ्यांनी तोंड बघून सांगावं लागते. आमच्याकडे असं तोंड बघायला कोण येणार? त्या लोकांतलाच एकजण रेल्वेनं चंद्रपूरकडे चालला होता, तर ती मला घेऊन वरोऱ्याच्या फलाटावर जाऊन उभी राहिली. गाडी दोन मिनिटं थांबली. तो दारात आला. दोघांनी एकमेकांची ओळखपत्रं पाहिली, एका चिठ्ठीवरचे आकडे भराभर वाचले, मान हलवली. गाडी निघाली.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. आता मी मी हाय."

मी फलाटभर हसलो. तू जन्मली तेव्हा मी होतो, म्हटलं, मले इचारायचं ना. असे तीन लोक गाठायला तिला दोन वर्षं लागली होती.

उन्हाळ्यात बायकोचा पाय काळा पडायला लागला. दवाखान्यानं मांडीतून कापू म्हटलं, ती नाही म्हणाली, आम्ही घरी आणली. इकडे त्या परदेशातल्यानं मुदत ठरवून घेतली होती. जुना तुकडा मुदतीत दुरुस्त झाला तर आवाज राहील, नाही तर जाईल. पोरीनं सुट्टी टाकली. मला वाटलं आईसाठी. ती दिवसभर आईच्या उशाशीच बसायची हे खरं, पण मांडीवर कंप्युटर. दुरुस्ती बरोबर झाली की नाही ते पाहायला तिनं नवा तुकडा आईच्याच मशीनवर चढवला. आणि पाव्हणा मुका झाला.

"आज बोलत काऊन नाई?" बायकोनं विचारलं.

"माय, थोडीशी खोट राह्यली. उद्या बोलते."

"जुनाच लावून दे ना."

"जुना लावला त मले खोट सापडत नाई. उद्या, माय."

चालू मशीन खोलायची आणि तशीच टाकून घरी जायचं, असं मिलमध्ये कोणी केलं असतं तर मी त्याला दुसऱ्या दिवशी आत येऊ दिलं नसतं. बायकोनं त्या दिवशी चारदा विचारलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती मेली. रात्री पोरीनं मशीनला लावून दिलेलं काम संपलं आणि दुपारी आवाज आपोआप बोलायला लागला. अंगणात आम्ही तिरडी बांधत होतो आणि आतल्या खोलीतून तो कापसाची बातमी वाचत होता. पोरगी धावत जाऊन बंद करून आली. मी तिच्याकडे पाहिलं आणि तेव्हाच मनात धरलं.

सातव्या दिवशी सकाळी तिनं त्या लोकांना लिहिलं की आई गेली, तेरवीपर्यंत मी नाही, दुरुस्ती झाली आहे, नंतर पाठवते. मग बसायला आलेल्या बायांना चहा करायला ती आत गेली. मशीन उघडीच. त्या परदेशातल्याचं उत्तर आलं. मी फोनचा कॅमेरा त्याच्यावर धरला. आजकाल फोन मराठी करून दाखवते. लिहिलं होतं, फार वाईट वाटलं. दुरुस्तीची वाट पाहता आली असती, पण मुदत तेरवीआधी संपते. तुझी हरकत नसेल तर काढून टाकतो. हो की नाही, एवढंच कळव.

मी फोनमध्ये मराठी बोललो. त्यानं इंग्रजी करून दिलं. ते मी पाहून पाहून मशीनवर उतरवलं. चार वाक्यं होती. हो, काढून टाका. हे माझ्या आईसाठी होतं आणि ती मेली. दुरुस्ती झालेली नाही. मला आता हे काम करायचं नाही.

शिक्क्याचं माझ्या ध्यानातही नव्हतं. सकाळी पोरीनं चावीचा परवलीचा शब्द टाकला होता आणि मशीननं तो संध्याकाळपर्यंत धरून ठेवला होता. माझ्या पत्रावर तिचा शिक्का आपोआप बसला. मधात ती येऊन गेली. "बाबा, काय पायता?" "तुह्या मायचा फोटो." ती माझ्या पाठीवर हात ठेवून परत गेली.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी तिनं मशीन उघडली. आवाज काढलेला होता. खाली लोकांनी तिला लिहिलं होतं की तू दमलीस, नऊ वर्षं केलंस, आता आराम कर. ती तसली सगळी पत्रं वाचून माझ्यापर्यंत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा, हे तुमी लिवलं?"

"हो."

"काऊन?"

"तुही माय मुक्या मशीनीजवळ मेली म्हनून. चारदा मांगितलं तिनं. तुले खोट पायची होती."

ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. "हो, चुकली मी," ती म्हणाली. "पन तुमी होते ना तिथी. पेपर खाटेवर पडला होता. तुमाले वाचता येते. चारदा तुमालेही आयकू आलं. तुमी काऊन नाई वाचला?"

मी उठायला लागलो.

"नऊ वर्सं आंधळी होती ती. एक दिवस तरी वाचून दाखवला? म्हनून मी मशीन आनली, बाबा. घरात बोलनारं कोनी नव्हतं म्हनून."

मी तिला सांगितलं, आता जास्त बोलू नको, तूच लिहिलं असं म्हण आणि मिटव. हा रस्ता तिच्यासमोर होताच. गप्प राहिली असती तर आवाज गेला असता, पण तिचं नाव आणि चावी राहिली असती. पुढं तिनं घेतलेली बाकीची पॅकेजं तिच्याकडेच राहिली असती. खरं सांगितलं तर आवाज कदाचित परत येईल, पण चावी बाद. ज्या चावीला दुसऱ्याचा हात लागला ती मोडलेली, मग तो हात बापाचा का असेना.

"म्हन ना तूच लिवलं म्हनून," मी परत म्हणालो. "कोनाले समजते?"

"मले समजते," ती म्हणाली, आणि माझ्यासमोर बसून खरं लिहून टाकलं.

मग चार दिवस त्या लोकांचं भांडण चाललं, आणि या वेळी ती आली की मशीन घेऊन माझ्यासमोर बसायची. आईला वाचून दाखवायची तसं एकेक पत्र मराठीत करून मला वाचून दाखवायची. मी उठलो की म्हणायची, "बसा. आयका."

एकानं लिहिलं, घरातल्या माणसापासून जिला चावी सांभाळता येत नाही तिच्या हातचं सामान आम्ही आमच्या मशीनवर का घ्यावं. एकानं लिहिलं, नऊ वर्षांत हिच्या शिक्क्यानं आलेलं सगळं पुन्हा तपासा, त्यातलं किती हिचं आणि किती बापाचं कोणाला माहीत. एक बाई तिच्या बाजूनं बोलली की घरात मयत झालेली आहे, थोडं थांबा. तिला उत्तर आलं, मयतीनं नियम बदलत नाही. एका टवाळानं लिहिलं, बापालाच मेंटेनर करा, आपण दोन वर्षं भांडत होतो, त्यानं दोन तासांत निकाल लावला.

मला हसू आलं. खरंच आलं. तिनं मशीनवरून मान वर केली आणि माझं हसणं पूर्ण होईपर्यंत पाहत राहिली. मग पुढचं पत्र वाचायला लागली.

पाचव्या दिवशी निकाल आला. पत्र खोटं होतं म्हणून आवाज परत घेतला. तिची दुरुस्ती तपासली, बरोबर निघाली, तीही घेतली. पण दोन्ही आता त्या परदेशातल्या माणसाच्या नावावर. त्यानं तिच्याविरुद्ध एक शब्द लिहिला नाही. बाजूनंही लिहिला नाही. तिची चावी रद्द झाली आणि यादीतून नाव निघालं. पुन्हा यायचं असेल तर नवी चावी कर, पुन्हा लोकांना तोंड दाखव, पहिल्यापासून.

"संपलं?" मी विचारलं.

"तुमचं संपलं."

त्या आठवड्यात तिनं वरोऱ्याला खोली घेतली. म्हणाली, नवी चावी जिथी ठेवीन तिथी तुमी नसान, बाबा, एवढाच नियम माहा. मी म्हटलं, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, सांगा त्याइले, तुमाले लिवता येते.

रविवारी सकाळी ऑटो आला. कपडे, पुस्तकं, तिची मशीन गेली. मग ती आईच्या खोलीत आली आणि खाटेजवळच्या जुन्या मशीनची वायर काढायला लागली.

"हे त राहू दे," मी म्हणालो. "मले पेपर आयकता येईन."

"तुमाले डोळे हाय."

"तरी राहू दे."

"चालवान कसे? तुमाले नाई येत."

"येते ना. तूच पाह्यलं."

तिनं वायर कोपरावर गुंडाळली, मशीन पिशवीत घातली आणि ऑटोवाल्याला हाक मारली की भाऊ, हे सामानात नको, मी मांडीवर घेते.