पाठीमागचा फोन

आमच्या घरात आवाज न काढता बोलायची पद्धत होती. बाबा कापडाच्या मिलमध्ये, लूमखात्यात, म्हणजे मागांवर. सगळे लूम एकदम चालायला लागले की तिथं शेजारच्याच्या कानात बोंबललं तरी काही पोचत नसे. म्हणून तिथली माणसं ओठ मोठे मोठे हलवून आणि हातांनी बोलत. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. मनगटावर बोटं टेकवली की सुट्टीला किती वेळ आहे. खांद्यावर थाप मारून भुवया उडवल्या की साहेब येतोय, कामाला लाग. बाबांनी हे सगळं घरी आणलं, आईनं लग्नानंतर ते उचललं, आणि दादा अन् मी बोलायला शिकलो तेच मुळी तोंडानं आणि हातानं एकदम.

बाहेरच्यांना याची फार गंमत वाटे. सावनेरची आत्या आली की म्हणायची, "तुमच्या घरी आलं की मले टाकीजमधला आवाज बंद पडल्यासारखं वाटते." शाळेत बाईंनी मला एकदा वर्गासमोर उभं करून विचारलं, बोलताना एवढं तोंड कशाला फाडतेस. मी म्हटलं, आमच्या घरी असंच बोलतात. वर्ग हसला. हसेना का. मला तर बाकीचे सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात असं वाटायचं, आणि अजूनही वाटतं.

मग मिल बंद पडली. आधी रात्रपाळी गेली, मग अर्ध्या लोकांना घरी बसवलं, मग एके दिवशी सकाळी भोंगाच वाजला नाही. चाळीतले पुरुष फाटकापर्यंत जाऊन परत आले. बाबाही आले. त्यानंतर बाबा घरात दिसायला लागले, नाहीतर तोवर आम्ही त्यांना एकतर जेवताना पाहिलं होतं नाहीतर झोपलेलं. ते खाटेवर बसून राहायचे आणि आईच्या येण्याजाण्याकडे बघायचे. आईचा जीव तुटायचा. ती त्यांना उगाच कामं सांगायची, पीठ दळून आणा, खाटेच्या दोऱ्या ताणा, आणि ते एकही काम मागे ठेवत नसत.

असे बरेच महिने गेल्यावर एक नोकरी चालून आली. बाबांच्या खात्यातल्या एका मुकादमाचा सोयरा काटोलचा संत्र्याचा व्यापारी होता आणि कॉटन मार्केटात त्याची गादी होती. त्याला एक विश्वासू माणूस हवा होता. काम काय, तर फोनपाशी बसायचं. काटोलहून माल निघाला की फोन यायचा, तो घ्यायचा, किती ट्रक निघाले ते शेठला सांगायचं. बस्स. खुर्ची, पंखा, दुपारी जेवायची सुट्टी. बाबांनी लगेच हो म्हटलं. आईनं सगळ्या चाळीला सांगितलं. तिनं बाबांसाठी पांढरा शर्ट शिवून घेतला, दादानं नाड्यांचे काळे बूट आणले. सोमवारपासून जायचं ठरलं.

आज कोणी ऐकलं तर म्हणेल, फोनवर बसायचं काम घेताना तुमच्या कुणाच्या काहीच कसं डोक्यात आलं नाही? विचारतातच लोक, आणि मला अशी चीड येते ना. अरे, आमच्यापैकी एकानंही तोवर फोन कानाला लावला नव्हता. आख्ख्या चाळीत फोन नव्हता. फोन म्हणजे साहेबाच्या टेबलावरची काळी वस्तू, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यातून फक्त आवाज येतो, माणूस येत नाही, ही गोष्ट माहीत असणं वेगळं आणि कळणं वेगळं.

ते कळलं दादाच्या खेळामुळे. दादा बीएस्सी होऊन सीताबर्डीवर एका कंपुटर क्लासमध्ये शिकवायला लागला होता. त्या वेळी कंपुटर म्हणजे पाटीएवढा एक डबा, त्याच्यावरच बटणं, आणि तो घरच्या टीव्हीला जोडायचा. दादाला त्याचं वेड लागलं होतं. क्लास सुटल्यावर तो तिथंच बसून खेळ बनवायचा. त्या रविवारी मालकाला मस्का मारून तो डबा सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी घेऊन आला. म्हणाला, "बाबा सोमवारपासून ऑफिसात जाऊन राहिले नं, त्यायच्यासाठी खास बनवला."

खेळ टेपरेकॉर्डरच्या कॅसेटमधून डब्यात भरायचा असे, आणि तो भरताना टीव्हीतून असा काही कर्कश आवाज निघायचा की बस. कढईत पळी खरवडावी तसा, पण थांबतच नाही. आई पदरानं कान झाकून आत पळाली. मी उशी डोक्यावर घेतली. शेजारच्या काकू दारात येऊन ओरडल्या, "काहून गा, कोणाचा जीव घेऊन राहिला?" बाबा टीव्हीला टेकून तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. ते सोलतच राहिले. दादा हसून म्हणाला, लूमखात्यातल्या माणसाला हा आवाज म्हणजे काय. आम्हालाही तसंच वाटलं. थोडा अभिमानही वाटला.

खेळ मात्र मजेदार होता, मानलं पाहिजे. ठिपक्याठिपक्यांचा एक कारकून मधोमध बसलेला, डोक्यावर उभे केस. त्याच्या एका बाजूला टाइपरायटर, एका बाजूला तारेनं निरोप येणारं यंत्र, समोर साहेब, आणि फोन त्याच्या पाठीमागं. टाइपरायटरचा कागद संपला की एक बटण दाबायचं, निरोपाची पट्टी लोंबायला लागली की दुसरं, साहेबाचं तोंड उघडलं की तिसरं. फोन दिसायचा नाही. त्याची फक्त घंटी वाजायची, बारीक, टिणटिण टिणटिण, आणि चौथं बटण दाबायचं. उशीर झाला की कारकुनाचा एकेक केस गळून खाली पडायचा. टक्कल पडलं की खेळ खतम. सगळं इतकं भराभर यायचं की बोटं एकमेकांवर आपटायची. मी खेळले, माझा कारकून बघता बघता टकला झाला. आईनं तर चारही बटणांवर पंजाच ठेवून दिला, म्हणाली, "घ्या, सगळ्यायचं काम एकाच वेळी." काकू हसून हसून भिंतीला टेकल्या. त्या घरात इतकं हसू मिल बंद पडल्यापासून झालं नव्हतं.

मग बाबा बसले. त्यांनी हात धुतले, पुसले, मांडी घातली. आणि काय सांगू, त्यांची बोटं अशी पडायला लागली की दादाचं तोंड उघडंच राहिलं. चार चार लूम सांभाळलेला माणूस तो. कागद संपायच्या आत बटण, पट्टी लोंबायच्या आत बटण. साहेबाला तर तोंड उघडायला फुरसत दिली नाही. मग घंटी वाजली. टिणटिण टिणटिण. बाबा साहेबाकडे बघत होते. एक केस पडला.

"बाबा, फोन," दादा म्हणाला. पुन्हा वाजली, पुन्हा केस पडला. काकू ओरडल्या, "भाऊजी, फोन घ्या नं, शेठ बोलावून राहिला." आम्ही सगळे हसत होतो. बाबांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं, सगळे हसताहेत म्हणून तेही हसले, मी ‘फोन’ म्हणत होते ते माझ्या ओठांवर वाचलं आणि बटण दाबलं. पण तोवर घंटी थांबली होती. चुकीच्या वेळी दाबलं म्हणून आणखी एक केस गेला. काकूंना हसताना ठसका लागला.

दादानं हळूच टीव्हीचा आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. मग बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. घंटी वाजली तेव्हा मांडणीवरची ताटं थरथरली. बाबा वाकून पडद्याकडे बघत होते, डोळे बारीक करून, तीनच बटणांवर बोटं ठेवून, अगदी मन लावून. कारकुनाला टक्कल पडलं. बाबांनी कपाळाला हात लावला आणि दादाला खुणेनं म्हटलं, परत लाव.

दादानं टीव्ही बंद केला. म्हणाला, मशीन तापली. काकू आणखी थोडा वेळ हसत बसल्या आणि मग घरी गेल्या. मी दादाकडे पाहिलं, दादानं माझ्याकडे. बाबा शेंगांची सालं गोळा करून बाहेर टाकायला गेले आणि तिकडूनच पानठेल्यावर गेले.

"आई," दादा म्हणाला, "बाबाले ऐकू येत नाही."

आई भडकली. "काहीतरी बोलून राहिला. तुह्या त्या डब्याले काय समजते? मी इतकी वर्षं त्यायच्याशी बोलून राहिली, मले नाही समजणार? काल म्हटलं कांदे आणा, तर आणले का नाही?"

"तू कुठून म्हटलं?"

"कुठून म्हणजे?"

"समोर उभी राहून म्हटलं नं? आपल्या घरात कोणी पाठीमागून बोलते का बाबाशी?"

आई आठवायला लागली. मीही आठवायला लागले. बाबांना हाक मारायची म्हणजे आम्ही उठून त्यांच्या समोर जायचो, नाहीतर खांद्याला हात लावायचो. चुलीपाशी बसून कोणी त्यांना हाक मारल्याचं मला आठवेना. ती मिलची रीत आहे असं आम्ही धरून चाललो होतो, आणि त्या रीतीखाली त्यांचे कान कधी गेले ते आम्हाला कळलंच नाही. त्यांना तरी कधी कळलं असेल? लूमखात्यात कानाचं काम नव्हतंच. मला त्या मिलचा असा संताप आला, पण मिल तर बंद होती, संताप करणार कुणावर.

दादा म्हणाला, उद्या सकाळी मी जाऊन शेठला सांगून येतो. आईनं त्याला तिथंच थांबवलं. "खबरदार. मिल गेली तर गेली, आता कानही गेले म्हणून गावभर सांगतो का? बाप आहे तो तुहा." मग ती रडायला लागली. रडतानाही ती आवाज काढत नव्हती, आमच्या घरात रडणंसुद्धा तसंच होतं. बाबा परत आले तेव्हा तिनं तोंड धुतलं होतं. त्यांनी शर्ट खुंटीवर नीट टांगलाय का ते पाहिलं आणि लवकर झोपले.

सकाळी बाबांनी दाढी केली, शर्ट घातला, केसांना तेल लावून भांग पाडला. दादा कंपुटरचा डबा परत द्यायला आधीच निघून गेला होता, त्याला ते बघवणार नव्हतं. बाबा दाराच्या पायरीवर बाहेर तोंड करून बसले आणि बूट घालायला लागले. नाड्यांची सवय नव्हती, एकेक गाठ ते खूप वेळ घेऊन बांधत होते. आई त्यांचा जेवणाचा डबा घेऊन आतून आली आणि त्यांच्या पाठीमागं उंबऱ्याच्या आत थांबली. रोजच्यासारखी पुढं गेली नाही. मी चुलीपाशी होते. मला कळलं ती काय करतेय, आणि मला वाटलं, नको करू.

"अहो," आई म्हणाली.

बाबा गाठ बांधत होते.

"अहो, ऐकता का?" आता जरा मोठ्यानं. बाबांनी पहिला बूट संपवून दुसरा पायात घातला. नळावर काकू कळशी भरत होत्या, त्यांनी मान वर करून इकडे पाहिलं. बाबांनी काकूंकडे पाहिलं नाही, ते नाडीकडे बघत होते.

मग आईनं बाबांचं नाव घेतलं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. त्यानंतर रेशनच्या दुकानातसुद्धा ती मला पुढं करायची आणि म्हणायची, सांग वं तुह्या बापाचं नाव. त्या सकाळी तिनं ते भरल्या चाळीत, दिवसाढवळ्या, पूर्ण आवाजात घेतलं. काकूंनी तोंडावर हात ठेवला, कळशी वाहायला लागली. आईनं आणखी एकदा घेतलं. तिचा आवाज फाटला. बाबांनी दुसऱ्या बुटाची गाठ ओढून बघितली, घट्ट बसली तशी गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि डबा घ्यायला मागे वळले.

आईच्या ओठांवर अजून त्यांचं नाव होतं. त्यांनी ते वाचलं. मी त्यांना वाचताना पाहिलं. आधी त्यांना ते खरंच वाटलं नाही, थोडं लाजल्यासारखं हसूही आलं. मग त्यांनी नळाकडे पाहिलं, काकूंच्या तोंडावरचा हात पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि परत आईकडे.

"कवाची आवाज देऊन राहिली तू?" बाबांनी विचारलं.

आईच्या दोन्ही हातांत डबा होता. बाबा परत पायरीवर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले.