कडक करून आणलेली गाडी

कडक या शब्दाची मला आता शिसारी बसली आहे. आमच्या कोल्हापुरात चांगल्याला कुणी चांगलं म्हणतच नाही. चहा कडक, इस्त्री कडक, कुणाच्या पोरीचा फोटो बघितला तरी "कडक!" आणि मऊ म्हटलं की शिवीच. माणूस मऊ म्हणजे बावळट, भात मऊ म्हणजे आजाऱ्याचा. या एका शब्दापायी आमची मोटरसायकल विकायला निघाली होती, आणि गाडीबरोबर आमचा म्हाताराही बसला असता कोपऱ्यात. म्हणून सांगते.

आमचे हे सत्तरी ओलांडलेले. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं गाडीवरून पन्हाळ्याला जातो. वर जाऊन करत काहीच नाही. तटापाशी बसायचं, झुणका-भाकरी खायची, थोडं भांडायचं आणि खाली यायचं. आठवडाभर यांच्या तोंडातून शब्द निघत नाही, पण गाडीवर बसले की जी सुरुवात होते! अर्धं वाऱ्यात उडून जातं, मी मागनं नुसतं "हं, हं" करते. पण तेवढं बोलणं झालं की त्यांचा आठवडा निघतो, आणि खरं सांगायचं तर माझाही.

दिवाळीच्या तोंडावर पोरगा गाडी सर्व्हिसिंगला घेऊन गेला. प्रेमानंच नेली, त्यात खोट नाही. संध्याकाळी घेऊन आला तर गाडी लखलखत होती. "आई, एकदम कडक करून आणलीय," म्हणाला. आम्ही आपलं कौतुक केलं.

त्या रविवारी वाघबीळच्या पुढं चढाला लागलो आणि पहिल्याच वळणाला गाडी वळायलाच तयार होईना. हे हँडल दाबतायत आणि पुढचं चाक टुणूक टुणूक उड्या मारत बाहेरच्या अंगाला सरकतंय. समोरनं माणसांनी खच्चून भरलेली वडापची जीप. ड्रायव्हरनं ऐनवेळी बाजू दिली, आणि जाता जाता बोंबलला, "ओ पावणं, घरात बसा की म्हातारपणी!"

पुढच्या रविवारी परत तेच, दुसऱ्या वळणाला. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाले, "आज नको, गुडघा दुखतोय." यांचा गुडघा आयुष्यात कधी दुखला नाही.

पोराला सांगितलं तर त्यानं लगेच निकाल दिला. "आई, वय झालं आण्णांचं. इकून टाकू गाडी. पन्हाळ्याला मी नेतो की कारमधनं." कारमधनं! काचा वर, गाणी सुरू, आणि मागच्या सीटवर आम्ही दोघं पार्सलसारखी. मला संताप आला तो त्याच्या बोलण्याचा नाही, हे गप्प बसले त्याचा. दुसऱ्या दिवशी चहा पिताना बघते तर कप दोन्ही हातांत धरून हाताकडं टक लावून बसलेले. "पकड गेली गं हातातली," म्हणाले. तीस वर्षं जो माणूस त्या घाटातनं गाडी लोण्यासारखी वळवायचा, तो स्वतःच्या बोटांवर पाळत ठेवून बसला होता. मला ते बघवेना.

पोरानं विकायसाठी फोटो काढायचे ठरवले, म्हणून मी जुना ब्लाऊजपीस घेऊन गाडी पुसायला बसले. आणि काय घाण ती! पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जे धक्के झेलणारे शॉकअप असतात, त्यांच्या नळ्यांवर काळं, चिकट किटण बसलेलं. बोटाला लागलं, वास घेतला, तर सडक्या मासळीचा. नळीतलं तेल गळून, त्यावर धूळ बसून ते तसलं झालेलं. नुकतीच सर्व्हिसिंग केलेली गाडी ही! वरनं चकचक, आणि सांध्यात हे.

हात धुऊन आले आणि दम खायला म्हणून सीटवर टेकले. गाडी जराही दबली नाही. पूर्वी बसलं की ती हुश्श करून थोडी खाली जायची, आपल्याला जागा द्यायची. आता कट्ट्यावर बसल्यासारखं.

मी शाळा सातवीपर्यंत शिकलेली, पण शिवणकाम नुसतं बघून बघून शिकले. आता मोबाईलवर बघते, एवढाच फरक. तीन-चार व्हिडिओ बघितले, त्यातला एक माणूस चांगला समजावून सांगत होता. शॉकअप आपल्या वजनानं थोडा बसलाच पाहिजे, तर खड्डा आला की चाकाला खाली जायला वाव राहतो. फार आवळला तर चाक रस्ता सोडून उडतं. आता हवेतलं चाक कुठं वळणार, तुम्हीच सांगा. सुनेच्या हातात माझी टेप दिली. मागच्या चाकाच्या मधोमधपासून वर सीटपर्यंत मोकळ्या गाडीचं माप घेतलं, मग आम्ही दोघं वर बसलो आणि परत घेतलं.

सून म्हणाली, "आई, बोटभरसुद्धा फरक न्हाय ओ."

पोराला म्हटलं, फोटो राहू दे. आणि यांना घेऊन थेट उद्यमनगरला त्या गॅरेजात गेले. मिस्त्री तोंडात मावा धरूनच बोलत होता. मावा म्हणजे सुपारी-तंबाखूचा तोबरा. बोलायच्या आधी भिंतीच्या कोपऱ्यात पिचकारी. मी त्या कोपऱ्याकडं पाठ करून उभी राहिले.

"मावशी, गाडी कडक केलीया की. तुमच्याच पोरानं सांगितलंतं."

"कडक म्हंजे काय केलंस?"

"मागचं शॉकअप आवळून शेवटच्या खाचंवर. फुडं जाड ऑइल. टायरात हवा बी टाईट."

"पोरगं कडक म्हणालं ते झ्याक करून दे म्हणून रं! आवळून दे न्हवं!"

"आता कडक म्हंजे कडकच की मावशी. मऊ गाडी काय, बायका चालवत्यात."

"बरं. ही शेवटची खाच कुणासाठी असती?"

"दोन जाडजूड मानसं, वर पोतं. न्हायतर एखादा पैलवान."

"मग आमच्याकडं बघ. आमी दोघं मिळून तुझ्या पैलवानाची एक मांडी तरी भरतो का?"

गॅरेजातली सगळी हसली. हे मात्र हसले नाहीत. ते एकदम पुढं झाले, वाकले, आणि त्या आवळलेल्या स्प्रिंगकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे हात न्हवं माझा?"

"न्हवं," मी म्हटलं. "त्याचा पाना आणि तुमच्या लेकाची जीभ."

मिस्त्री तसा वाईट माणूस नव्हता. मावा थुंकून, चूळ भरून कामाला लागला. पुढच्या नळ्यांतलं तेल काढलं तेव्हा कळलं, यानं जुनं काढलंच नव्हतं, वरनंच जाड तेल ओतलेलं. म्हैस बसून उठलेल्या डबक्यासारखं करडं पाणी पातेल्यात पडलं, आणि असा दर्प सुटला की मी पदर नाकाला लावून रस्त्यावर जाऊन उभी राहिले. तेल अडवणारी नवी सील बसवली, बेताचं तेल घातलं, मागचा शॉकअप पाना लावून खाली आणला. दर खाचेला आम्ही दोघं चढून बसत होतो आणि मी टेप धरायला लावत होते. दुसऱ्या खाचेवर आल्यावर गाडी पूर्वीसारखी हुश्श झाली. हवाही कमी केली.

मिस्त्री म्हणाला, "लय मऊ झाली हं मावशी, मग बोलू नगासा."

मी त्याच्या पायाकडं बघितलं. पायात नवी कोल्हापुरी. "ही चप्पल आणलीस तेव्हा तेल पाजलंस का न्हाई? का कडक म्हणून तशीच घालून टाचंला फोड आणलंस?" त्यानं पाय मागं घेतला.

रविवारी निघालो. वाघबीळ गेलं तसं यांचं बोलणं थांबलं. मागनं मला त्यांचे खांदे आखडलेले दिसत होते. मी कंबर धरून ठेवली. ते वळण आलं. रस्ता तसाच, उखडलेला. गाडी आत झुकली, खालनं खड्डा गेला तो नुसता जाणवला, आणि चाक रस्त्याला चिकटून, ओळ धरून, आम्ही वळून बाहेर. दुसरं वळण, तिसरं वळण. खांदे सैल झाले. तोंड सुटलं.

आणि पहिलं वाक्य काय असावं? माणसानं छाती फुगवून वाऱ्यात ओरडून सांगितलं, "बघितलंस न्हवं? हात अजून कडक हायत माझं!"

मला इतकी शिसारी आली म्हणून सांगू. शिव्या अगदी ओठावर आल्या, एक पुटपुटलेही.

"काय म्हणालीस?" ह्यांनी विचारलं.

"काय न्हाय. फुडं बघा," मी म्हटलं. "हं, हं. बोला तुमी."