दिघे सरांना अकरा एकांची फोड सांगू नये

दिघे सरांची आणि माझी पहिली भेट धारच्या मराठी मंडळात झाली. मी एकादशनीवर, म्हणजे रुद्राच्या अकरा आवर्तनांवर, बोललो होतो. सभा चहाकडे वळत असताना देवासहून आलेले हे गणिताचे शिक्षक उभे राहिले. "शास्त्रीबुवा, अकरा अभाज्य. मग अकरा एक ओळीनं लिहिले, तर ती संख्याही अभाज्य का?"

अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा! संस्कृतच्या माणसाला शोभेल असे मी म्हणालो, "रुद्र तुटत नसतात."

"हा आशीर्वाद झाला," सर म्हणाले. "उत्तर नव्हे."

तेव्हापासून सर त्या संख्येच्या मागे आहेत. तिला भागणाऱ्या कोणत्याही अभाज्य संख्येला बावीसने भागले की बाकी एकच उरणार, हे त्यांनी स्वतः सिद्ध केले. त्यामुळे बहुतेक भाजक बाद झाले. उरलेले ते पाठकोऱ्या कागदांवर हाताने तपासतात. नात रेवा हिने एकदा मोबाइलवर बघून आरोळी ठोकली, "आबा, ये तो टूटती है!" सरांनी दोन्ही कान झाकले. "कशानं, ते सांगू नकोस!"

हा हट्ट नव्हे, शील आहे. निदान त्यांच्या घरच्यांसमोर मी तसे म्हणतो. सरांनी आयुष्यात कुणाला उत्तर सांगितलेले नाही. माझी मुलगी दहावीला बीजगणितात अडून रडू लागली, तेव्हा सर बसने धारला आले. दुपारभर तिच्याशेजारी बसून एवढेच म्हणत राहिले, "बेटा, रडून झालं की पुढची पायरी लिही." दिवेलागणीला तिचे उत्तर आले आणि सरांची शेवटची बस गेली. पिठलं-भात जेवून ते आमच्याकडेच राहिले. ती आता मनावर गावच्या शाळेत गणित शिकवते. तीही कुणाला उत्तर सांगत नाही. पालक तक्रार करतात.

आता सरांना काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांना ताण नको. सरांनी अंक मोठे काढायला सुरुवात केली.

सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथाच्या बैठकीत एक उत्साही सभासद म्हणाले, "भिया, कव्हर पर उस नंबर के दोनों टुकड़े छाप दें? मस्त दिखेगा."

मी म्हणालो, "माणसाच्या तोंडचा घास काढून वर शाल पांघरायची का?" मुखपृष्ठ कोरे राहिले. वाचकांनीही, माझ्यासारखे उत्तर ठाऊक असल्यास, सत्काराला येताना ते घरी ठेवावे.

परवा देवासला गेलो. सर म्हणाले, "भाजकांनी वीस हजार ओलांडले." मी घाईने कप तोंडाला लावला.

"निवांत प्या चहा," ते म्हणाले. "तुमचा चेहरा दिसू नये म्हणूनच मी खिडकीकडे तोंड करून बसलोय."

पंचाहत्तरी पुरी करणाऱ्या सरांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, डोळ्यांनी हाताइतकीच चिकाटी धरो, आणि एका पहाटे त्या भागाकारात काहीही न उरो. त्या पहाटे त्यांनी मला फोन करावा. आश्चर्य दाखवण्याचा सराव मी चालू ठेवला आहे. आनंदाचा करावा लागणार नाही.