धोंडा लागायच्या आत

रत्ना गेल्याची बातमी मला ग्रंथालयात कळली. परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत बसले होते, तेवढ्यात शिपायाने ऑफिसात फोन आल्याचं सांगितलं. पलीकडे रत्नाचा धाकटा भाऊ किशोर होता, तळोद्याच्या एसटीडी बूथवरून बोलत होता. "मालूताई, ताई गेली," एवढं म्हणाला आणि मीटर पळत होतं म्हणून बाकीचं घाईघाईने सांगून टाकलं... कावीळ झाली, सातवा महिना होता, गावातल्या औषधावर भरवसा ठेवला, नंदुरबारच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. मी "बरं" म्हणाले. जागेवर परत आले आणि उरलेल्या पुस्तकांवर शिक्के मारले. या गोष्टीला आता महिना उलटून गेला. लिहिलंस तर मोकळी होशील, असं घरचे म्हणतात. मोकळं होण्यासाठी मी लिहीत नाही. रत्नाने दिल्लीचा प्रवेश स्वतःहून सोडला, असं तिच्या सासरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं जातं. ते खोटं आहे, आणि ते खोटं आहे असं तोंडावर सांगणारी ती एकटीच होती.

सुरतेजवळ उधन्याला आमची घरं एकाच गल्लीत, समोरासमोर. तिचे वडील, आबा, पांडेसऱ्याच्या एका रंगाईच्या मिलमध्ये होते. अंगाला रंगाचा वास, नखांच्या कडा कधी निळ्या तर कधी जांभळ्या. त्यांच्या घरात अहिराणी चाले, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. रत्ना तिन्ही भाषांत भांडू शकत असे आणि प्रत्येकीत जिंकत असे. जिभेला धार होती. मला पुस्तकं आवडतात म्हणून ती मला "उंदीर" म्हणायची. "तू ग्रंथालयातच जाणार मालू, पुस्तकं कुरतडायला. मी मात्र माणसं कुरतडणार." बी. ए.ला आम्ही दोघींनी समाजशास्त्र घेतलं होतं. मी घेतलं कारण त्या वर्गात जागा होती. तिने घेतलं कारण आपल्या गल्लीतली माणसं अशी का वागतात, हे तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. कुणाच्या लग्नात कोणाला आहेर मिळाला नाही, कोण कुणाच्या पंक्तीला बसलं नाही, हे ती अशा चवीने सांगे की आम्ही पोट धरून हसायचो. ज्यांच्यावर हसायचो ती माणसं आमचीच होती.

एम. ए.साठी तिने दिल्लीच्या विद्यापीठाचा अर्ज मागवला, तेव्हा कॉलेजातल्या सरांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "बेन, त्यां तो बधा अंग्रेजीमां झघडे छे. तारूं शुं थशे?" म्हणजे तिथे सगळे इंग्रजीत भांडतात, तुझं कसं होणार. रत्ना म्हणाली, "सर, आमच्या गल्लीत अहिराणीत भांडतात. भांडण कळलं की भाषा कळते." सर हसले, सही केली, आणि ती वळल्यावर बाकीच्यांकडे पाहून पुन्हा हसले. ते दुसरं हसू तिने पाहिलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाली, "प्रवेशाचं पत्र आधी यांनाच दाखवायला येईन." प्रवेश परीक्षेचं केंद्र मुंबईला होतं. आबा रजा टाकून तिच्याबरोबर गेले, परीक्षा संपेपर्यंत फाटकापाशी केळी घेऊन बसून राहिले, आणि परत आल्यावर मिलमध्ये सगळ्यांना सांगत सुटले की आपल्या पोरीने दिल्लीचा पेपर लिहिला. हे मी मुद्दाम लिहिते. आबा वाईट नव्हते. वाईट असते तर तिला पुढचं इतकं जड गेलं नसतं.

परीक्षा झाली आणि वाट पाहणं सुरू झालं. निवड झालेल्यांना जुलैच्या सुरुवातीला कळवणार होते. वाट पाहणाऱ्या माणसाची गल्लीत फार करमणूक होते. "काय रत्ना, निघाली का गाडी?" "दिल्लीवाल्यांना पत्ता सापडला ना उधन्याचा?" पाण्याच्या रांगेत, पिठाच्या गिरणीत, सगळीकडे हेच. त्यातच आबांच्या नात्यातून तळोद्याचं स्थळ आलं. मुलगा हायस्कुलात मास्तर, स्वतःचं घर, थोडी शेती. सगळे त्याला सर म्हणत, त्याची आईसुद्धा. मंडळी मुलगी बघून गेली, पोहे खाऊन गेली आणि "कळवतो" म्हणाली. म्हणजे आता घरात दोन निकालांची वाट पाहणं सुरू झालं. आबांना स्थळ सोडवत नव्हतं आणि पोरीला नाही म्हणवत नव्हतं. शेवटी तोड रत्नानेच काढली. जेवायला बसल्यावर म्हणाली, "आबा, ज्यांचा होकार आधी येईल, तिकडे मी जाईन. रडणार नाही, भांडणार नाही." आबांनी हातातला घास खाली ठेवला आणि विचारलं, "शब्द शे का तुना?" ती म्हणाली, "शे." शब्द आहे. आबांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं सगळ्यांना दिसलं.

मला ती गच्चीवर घेऊन गेली आणि माझ्या पुढ्यात कॅलेंडर धरलं. त्या वर्षी आषाढ अधिक होता. जूनच्या मध्यावर धोंड्याचा महिना लागणार, त्यात कोणी सुपारी फोडत नाही. तो संपतो न संपतो तोच चातुर्मास, मग थेट तुळशीच्या लग्नापर्यंत आमच्या लोकांत मांडव पडत नाही. तळोद्याची मंडळी सावकाश विचार करणारी, त्यांची पेरणी व्हायची होती. दिल्लीचं पत्र तर जुलैत येणार. "धोंडा माझा वकील आहे," ती म्हणाली. "फी न घेता उभा राहिलाय." तिच्या वार्षिक परीक्षेत निषिद्ध महिन्यांवर प्रश्न आला होता आणि तिने त्यावर पानंच्या पानं लिहिली होती. तिचा हिशेब मला बिनचूक वाटला. आजही कागदावर तो बिनचूकच आहे.

ज्येष्ठाच्या शेवटच्या दिवसांत तळोद्याहून निरोप आला... मुलगी पसंत आहे, धोंडा लागायच्या आत साखरपुडा करून घेऊ. मुलाची आई म्हणाली होती, दिवाळीपर्यंत कोण थांबतं, तोवर चांगली मुलगी राहते का? रत्ना पांढरी पडली, पण शब्द दिला होता. मला म्हणाली, "साखरपुडाच आहे. लग्न तर तुळशीनंतर. तोवर पत्र येईल, मग आबांशी बोलेन." म्हणजे आशा तिने पुढच्या खुंटीला टांगली.

मंडळी आली ती जीप भरून. गल्लीतच पाल टाकलं होतं. साडी नेसवली, ओटी भरली, पेढा भरवला. टाळ्या संपायच्या आत समाजाचे एक पुढारी उठले आणि बोलू लागले. महागाई किती, मुलीच्या बापाची ओढाताण किती, दोनदा खर्च कशाला. "साखरपुड्यातच लग्न लावून टाकू. हुंडा नको, मानपान नको. समाजापुढे आदर्श ठेवू!" अशी लग्नं आमच्याकडे होतात आणि त्यांचं कौतुकही होतं. लोक वाहवा म्हणाले. म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. कोणी धावत जाऊन भटजींना घेऊन आलं, घरातल्या तांदळाला कुंकू लावून अक्षता झाल्या, आबांच्या मिलमधली एक कोरी साडी अंतरपाट म्हणून धरली. मंगळसूत्राचं काय, असं मी विचारायला तोंड उघडलं, तर मुलाच्या आईने पर्स उघडून ते बाहेर काढलं. डबीसुद्धा होती. म्हणजे घरूनच ठरवून आले होते. रत्नाने मान वर करून आबांकडे पाहिलं. आबा जवळ गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, "कसाले घाबरस व? तुना शब्द शे ना?" ती म्हणाली, "शे, आबा." अंतरपाट दूर झाला तेव्हा सगळ्यांत मोठ्याने टाळ्या कोण वाजवत असेल, तर आमचे कॉलेजचे सर. त्यांनाही बोलावणं होतं. रत्नाने ते आमंत्रण आपल्या हाताने दिलं होतं.

नव्या जावयाचा पहिला अधिक महिना म्हणजे घराला केवढा उत्साह. महिना संपत आला तेव्हा आबांनी रत्नाला आणि तिच्या नवऱ्याला, तळोद्याच्या सरांना, पुरणाचे धोंडे जेवायला बोलावलं. पुरण वाटायला मीही गेले होते. पंक्ती बसल्या होत्या, जावयापुढे चांदीचा दिवा आणि अनारशांचं वाण होतं, रत्ना तूप वाढत होती, आणि दारात टपालवाला उभा राहिला. इतके आठवडे तिने त्याचा जीव खाल्ला होता, त्यामुळे तो लांबूनच ओरडला, "बेन, दिल्हीथी आव्युं!" कोणाला काय करावं कळेना. आबांनी सही केली, पाकीट हातात फिरवलं आणि जावयापुढे धरलं. "सर, तुम्हीच वाचा. आम्हाला कुठे इंग्रजी."

सरांनी हात पुसले. वर्गात वाचतात तसं वाचलं, आधी एक ओळ इंग्रजी, मग तिचा मराठी अर्थ. समाजशास्त्राच्या एम. ए. अभ्यासक्रमासाठी आपली निवड झाली आहे, हे कळवण्यास आनंद होतो... अमुक तारखेपर्यंत हजर न झाल्यास प्रवेश रद्द समजला जाईल. पंक्तीतून कोणी तरी म्हणालं, "मग काय सर, दिल्लीले जाणं शे का?" सर म्हणाले, "जाऊ की. कुतुबमिनार बघायला." सगळे हसले. आबाही हसले, कारण जावई हसत होता. रत्ना तुपाची वाटी घेऊन उभी होती. तिने विचारलं, "आणखी एक धोंडा वाढू का?"

जेवणं झाल्यावर ती सरांशी बोलली, मी भांडी आवरत होते. गयावया नाही, रडणं नाही. दोन वर्षांचं आहे, शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो, सुट्ट्यांत येईन. ते फार मऊ आवाजात म्हणाले, "मी कुठे नाही म्हणतोय? आईला विचारून सांगतो." तळोद्याला गेल्यावर ती रोज विचारायची. "आज आईचं डोकं दुखतंय." "आज शाळेत तपासणी होती." त्यांनी तिला शेवटपर्यंत नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर ती भांडली असती, आणि भांडणात तिला हरवणं कोणाला जमलं नसतं. तारीख अशीच निघून गेली. मग एक दिवस सरांनी ते पत्र नंदुरबारला नेऊन काचेच्या चौकटीत बसवून आणलं आणि बाहेरच्या खोलीत टांगलं.

गेल्या दिवाळीत मी तळोद्याला गेले, ती आमची शेवटची भेट. कडेवर मुलगी होती, हात पिठाचे होते. मला पाहून म्हणाली, "ये उंदरा." बाहेरच्या खोलीत सरांचे कोणी पाहुणे बसले होते आणि सर त्यांना चौकट दाखवत होते. एक ओळ इंग्रजी, एक ओळ मराठी. शेवटी म्हणाले, "एवढं मिळालं होतं, पण हिनेच..." इतक्यात रत्ना चहाचा ट्रे घेऊन दारात आली. "सर, तारीख वाचा." लग्नानंतरही ती त्यांना सरच म्हणायची, आणि तो शब्द तिच्या तोंडी कसा वाजे ते मी लिहून दाखवू शकत नाही. "वरची तारीख वाचा आणि आपल्या लग्नाची सांगा. पाहुण्यांना वजाबाकी येते." पाहुणे हसायचं की नाही या विचारात पडले. सर चहाकडे वळले. दर वेळी हेच होतं, असं ती मला स्वयंपाकघरात म्हणाली. त्यांना ते वाक्य आजवर पुरं करू दिलेलं नाही. मग पोळी लाटता लाटता स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "त्या प्रश्नाला मला सगळ्यांत जास्त मार्क होते, मालू. धोंड्यात काय काय करत नाहीत ते सगळं लिहिलं. धोंडा लागायच्या आधी काय करतात, ते एक लिहायचं राहिलं..." आणि हसली. मला हसता आलं नाही. त्यावरून मला बोलणीही बसली.

दशक्रियेला मी आणि आबा एकाच गाडीने गेलो. बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली होती. तिचा एकटीचा फोटो घरात नव्हता, म्हणून लग्नातला होता तोच ठेवला होता, सरांसकट. हार कसा घालायचा हा प्रश्न पडला असावा, तो नुसता पुढ्यात ठेवला होता. शाळेतले मास्तर भेटायला येत होते. कोणी तरी भिंतीकडे पाहून विचारलं, "हे वहिनींचं का?" सर उठले. डोळे सुजलेले होते, ते खोटे नव्हते. हळूहळू त्यांनी एक ओळ इंग्रजी, एक ओळ मराठी असं सगळं वाचलं. "एवढं मिळालं होतं," ते म्हणाले, "पण हिनेच..." आणि थांबले. मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं, आबांनीसुद्धा. दारात कोणी नव्हतं. आत कोणी तरी भांडी घासत होतं. सरांनी क्षणभर वाट पाहिली आणि मग ते वाक्य पहिल्यांदा पुरं केलं.