तुझा रंग चालेल

“मॉडेल येईपर्यंत तू उभी राहा तिथे. लाइट लावून घेऊ दे त्यांना. तुझा रंग चालेल.”

मेधाताई हे मराठीत म्हणाल्या. ऑकलंडच्या पेनरोज भागातल्या त्या स्टुडिओत मराठी फक्त आम्हा दोघींना येत होतं. कॅमेरावाला हसला. काही न कळता, नुसतं चांगुलपणाने. मी उभी राहिले. तोंडावर दिवे.

मी ऑकलंडला डिझाइन शिकते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली पहिली मीच. कोर्ससाठी प्लेसमेंट, म्हणजे एखाद्या कंपनीत शिकाऊ काम, करावीच लागते. माझी मेधाताईंच्या एजन्सीत लागली. त्या वेगवेगळ्या समाजांसाठी जाहिराती करतात. ही होती इथल्या आफ्रिकी कुटुंबांसाठी, अंगाला लावायच्या लोशनची. वर मोठ्या अक्षरांत ओळ: आपली त्वचा, आपला अभिमान. ती अक्षरं मी मांडली होती. मला ती ओळ खरी वाटली होती.

पहिल्या दिवशी मेधाताईंनी माझं आडनाव विचारलं. मग गाव. मग, “गावात घर कुठल्या बाजूला?” मी सांगितलं. “अच्छा,” म्हणाल्या. त्यानंतर ऑफिसात सगळ्यांना आग्रह करकरून थालीपीठ वाढलं, माझ्यापुढे डबा कधी आला नाही. मला वाटायचं, माझाच गैरसमज असेल. इतक्या लांब येऊन कोण हे पाळतं?

पाळतात.

मॉडेल होती होदान. मूळची सोमालियाची, हॅमिल्टनला नर्स. इथल्या माओरी पद्धतीने ‘किया ओरा’ असा नमस्कार करत आली, मला दिव्यांखाली बघून म्हणाली, “माझी नोकरी घेतलीस की काय?” मी हसले. सकाळपासून पहिल्यांदा.

तिचे फोटो माझ्या लॅपटॉपवर येत होते. काळीभोर. कपाळावर उजेड असा बसला होता की मी बघतच राहिले. तेवढ्यात मेधाताई माझ्या खुर्चीमागे आल्या.

“हिला दोन शेड उजळ कर. क्लायंट बघायच्या आत. एवढं काळं कोण बघणार?”

“पण ताई, जाहिरात त्यांच्यासाठीच आहे ना?”

“मला शिकवू नकोस. तुला पास मी करणार आहे. तुमच्या लोकांना जरा संधी दिली की…”

वाक्य अर्धंच सोडलं. पुढचं मी शाळेपासून ऐकत आलेय.

होदान शेजारीच पाणी पीत उभी होती. तिने इंग्रजीत विचारलं, “काय म्हणाल्या त्या?”

“काही नाही, लाइटिंगचं,” मेधाताई म्हणाल्या.

होदान माझ्याकडे बघत राहिली.

मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू? नापास झाले तर वर्ष जाणार. आईला काय सांगायचं? माझं इंग्रजी अशा वेळी अडखळतं. तरी उभी राहिले आणि सांगितलं. दोन शेड. एवढं काळं कोण बघणार. तुझा रंग चालेल. शब्दाला शब्द, इंग्रजीत, सगळ्या स्टुडिओला ऐकू जाईल असं. “आणि हे मी करणार नाही,” म्हटलं.

लोशन कंपनीचा माणूस, म्हणजे क्लायंट, कोपऱ्यात बसला होता, त्याने फोनमधून मान वर केली. “उगाच मोठं नको करूया हे,” म्हणाला, आणि परत फोनमध्ये गेला.

होदानने मला विचारलं, “तुलाही अशाच बोलतात?”

“हो.”

हे ‘हो’ मी कधी कुणापुढे म्हटलं नव्हतं. वर्गात नाही, घरी नाही.

होदानने शूटसाठी दिलेले कानातले डूल काढून टेबलावर ठेवले. “माझे फोटो वापरायचे नाहीत,” म्हणाली, आणि कोट घालून गेली. मेधाताई मला म्हणाल्या, “उद्यापासून येऊ नकोस.” हे मात्र इंग्रजीत म्हणाल्या.

प्लेसमेंट गेली. कॉलेज दुसरी देईल का, माहीत नाही. दिली तर तिथेही कुणीतरी मेधाताई असतील. असू देत. मी कुणाच्याही चेहऱ्याचा रंग उतरवणार नाही. आणि माझ्या भाषेत कुणाला हिणवलं, तर ते त्याच खोलीत, त्याच माणसाला, त्याला कळेल अशा भाषेत सांगणार. माझा आवाज कापला तरी.