ड्रायर तापला, बाबांचा मिक्सर बंदच

मंडळी, आज सकाळी इथे परदेशात आमचा कपडे वाळवायचा जुना गॅसवरचा ड्रायर नुसताच फिरत होता, तापत नव्हता. नवरा ऑफशोअरला, समुद्रातल्या तेलाच्या रिगवर. मी नाशिकला बाबांना फोन लावला. ते रिटायर्ड वायरमन.

"आधी प्लग काढ, गॅस बंद कर. आता थर्मल फ्यूजला मल्टीमीटर लाव. बीप येतो?"

"नाही."

"मग तोच उडालाय. नवीनच टाक, तार जोडून चालवू नकोस."

दुपारी इंडस्ट्रियल एरियातल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून फ्यूज आणून बसवला. ड्रायर तापला! सांगायला परत फोन केला. बाबा खूश झाले. मग हळूच म्हणाले, "आपला मिक्सर दोन महिने बंद आहे गं. माझे हात थरथरतात आता. तू आलीस की बघ."

मी नुसतं "हो" म्हटलं. सुट्टी थेट जुलैत आहे. तुम्ही कसे काढता हो हे मधले महिने?