बोटावरचे दोन थेंब

पायी फिरत आम्ही बाणेरमधल्या तिसऱ्या ब्रुअरीत पोचलो, तेव्हा चार वाजले होते. काचेपलीकडे बिअरच्या उंच टाक्या चकाकत होत्या. वेटरनं लाकडी फळीवर चवीपुरते चार छोटे ग्लास आणून ठेवले. माझी मैत्रीण रेवती त्यांचे फोटो काढू लागली. मी गव्हाच्या बिअरचा ग्लास उचलला, त्यात बोट बुडवलं आणि जमिनीवर दोन थेंब शिंपडले.

"हे काय गं?" रेवतीनं विचारलं.

माझे वडील रोज पहिल्या घोटाआधी असेच थेंब शिंपडायचे, आणि मी दाराआड उभी राहून आज घरात काय होईल याचा अंदाज बांधायची. त्यांचं नाक माझ्यात आलंय हे ठाऊक होतं. हे बोट कधी आलं? माणूस जातो, पण त्याची सवय आपल्या हातात दबा धरून बसते, आणि आपण फेसाच्या नि सुगंधाच्या गप्पा मारत बेसावध चालत राहतो.

"काही नाही, रीत असते," मी म्हणाले.

तिला गंमत वाटली. तिनंही बोट बुडवलं.

मला आता काही प्यायचं नव्हतं. ग्लास खाली ठेवायला गेले, तर तो रिकामा होता.